गळा गेला, गाणं राहिलं

रोजा सुटायला अजून तासभर असतो. घसा कोरडा पडलेला असतो, अंगातली ताकद उतरलेली असते आणि समोर पाणी असूनही हात पुढे होत नाही. ज्याच्याशिवाय आपलं चालणार नाही असं वाटतं, ते काही वेळ बाजूला ठेवून आपण उरतो किती, हे रमजान दाखवून देतो. पण रोज्याची एक सोय असते. तो मगरिबला सुटणार, हे ठाऊक असतं. आयुष्यातल्या संकटाची मगरिब कधी, हे कुणी सांगत नाही. अशा न सांगितलेल्या मुदतीचा एक रोजा कोल्हापूरकरांना जवळच्या असलेल्या एका माणसाच्या वाट्याला आला होता. गवयाचं सगळं वैभव ज्यात असतं, तो गळाच त्यांच्याकडून काढून घेतला गेला. ते म्हणजे गानसम्राट उस्ताद अल्लादियाखाँ.

खाँसाहेबांचा जन्म 1855 मधला, जयपूर संस्थानातल्या उणियारा इथला. घराणं मूळचं अलिगडजवळच्या अत्रौलीचं, पिढ्यान्‌पिढ्या धृपद गाणारं. आपले पूर्वज गौड ब्राह्मण होते आणि त्यांचं नातं स्वामी हरिदासांच्या परंपरेशी पोहोचतं, असं या घरात अभिमानानं सांगितलं जाई. इस्लामवरची श्रद्धा आणि पूर्वजांच्या विद्येचा अभिमान ही दोन्ही त्या घरात सुखानं नांदत. लहान वयातच वडील गेले आणि काका जहांगीरखाँ यांनी मुलाला हाताशी घेतलं. धृपद आणि ख्याल यांची कसून तालीम झाली. शेकडो बंदिशी पाठ झाल्या, अवघड राग अंगवळणी पडले. जयपुरात मुबारक अलीखाँ यांच्या पेचदार ताना ऐकून हा तरुण थक्क झाला होता. गळ्यात गोडवा, अंगात विद्या आणि पुढे मैफलींचा रस्ता मोकळा. काही कमी नव्हतं.

मग आमलेटा नावाच्या एका छोट्या संस्थानात मुक्काम पडला. तिथले राजेसाहेब गाण्याचे विलक्षण शौकीन. त्यांच्या हौसेसाठी दिवसेंदिवस, तासन्‌तास गाणं झालं. आश्रयदात्याला नाही म्हणण्याची रीत नव्हती, आणि तरुणपणी आपल्या ताकदीला शेवट असतो हे कुणालाच पटत नाही. त्या ताणानं आवाज बसला. दोन-चार दिवसांत सुटेल असं वाटलेला घसा सुटलाच नाही. सुमारे दोन वर्षं खाँसाहेब गाऊ शकले नाहीत.

गवयाला आवाज नसणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला जमीन नसण्यावरून समजावं. पोट त्यावर, मान त्यावर, आणि आपण कोण आहोत याचं उत्तरही त्यावरच. गळा बसलेल्या गवयाला दरबारात जागा नसते. यापुढे आवाज परतला, पण पूर्वीचा परतला नाही. त्यातला मऊपणा, सहज वळणारी लवचीकता गेली होती. त्या काळात कितीतरी गवई अशा आघातानंतर गाणं सोडून शिकवण्या धरत, किंवा जुन्या आवाजाच्या आठवणी सांगत उरलेलं आयुष्य काढत.

इस्लामी परंपरेत मुहासबा नावाची एक गोष्ट आहे. मुहासबा म्हणजे स्वतःचा हिशोब स्वतःच घेणं. दुकानदार रात्री गल्ला मोजतो, तसा माणसानं दिवसाअखेर स्वतःला मोजायचं. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत काही जण मशिदीत एतिकाफला बसतात, तेही यासाठीच. जगाचा गलबला बाहेर ठेवून आत डोकवायचं. खाँसाहेबांच्या मनात त्या दोन वर्षांत काय चाललं होतं, ते त्यांच्या पुढच्या गाण्यावरून ओळखता येतं. कारण ते गाणं म्हणजे एक चोख हिशोबच आहे. जमेच्या बाजूला काय होतं? रागांचं ज्ञान होतं, बंदिशींचा साठा होता, लयीवरची हुकमत होती, बुद्धी होती. खर्ची फक्त एक गोष्ट पडली होती, आवाजाचा जुना गोडवा.

त्यांनी गेलेल्या गोडव्याचा पाठलाग केला नाही. नव्या, जाड झालेल्या आवाजाला जे साधेल ते शोधलं. मोकळा आकार, लयीच्या प्रत्येक मात्रेशी बांधलेले स्वर, एकातून एक निघणारी पेचदार तान आणि कुठल्या वाटेनं येऊन सम गाठली जाईल याचा अंदाज लागू न देणारी मांडणी. बहुतेक गवई ज्यांच्या वाटेला जात नसत असे अनवट आणि जोडराग त्यांनी मैफलीत आणले. बसंती केदार, खट, संपूर्ण मालकंस ही नावं आज रसिकांच्या ओठावर आहेत, त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. आवाजाची कमतरता झाकण्यासाठी शोधलेली वाट पुढे हिंदुस्थानी संगीतातला राजरस्ता ठरली. तिलाच आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणतात. गळा शाबूत राहिला असता तर खाँसाहेब एक उत्तम गवई म्हणून गेले असते. गळा गेला म्हणून ते घराण्याचे संस्थापक झाले.

सब्र या शब्दाचा अर्थ आपण अनेकदा मुकाट्यानं सोसणं असा घेतो. तो अर्धाच अर्थ आहे. हातपाय गाळून बसणं म्हणजे सब्र नव्हे. परिस्थिती बदलत नाही तोवर आपलं काम न सोडणं म्हणजे सब्र. खाँसाहेबांचा सब्र या दुसऱ्या जातीचा होता.

हा घडलेला, तावून निघालेला गवई राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या पदरी ठेवला. 1895 च्या सुमारास खाँसाहेब कोल्हापुरात आले आणि 1922 मध्ये महाराजांचं निधन होईपर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, ते या गावचे होऊन राहिले. कुस्तीच्या फडांइतकंच गाण्याच्या बैठकींवर प्रेम करणारं हे गाव. देवल क्लब 1883 पासून इथं संगीताची सेवा करत होताच. बंधू हैदरखाँ सोबत होते. हाच तो दरबार, ज्यानं 1906 मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी बोर्डिंग उभं करायला बळ दिलं. ईदच्या नमाजाला आजही दसरा चौकात त्याच मैदानावर गर्दी लोटते. दरबारी गवई मुसलमान, धनी छत्रपती, ऐकणारे अठरापगड जातीचे, आणि बंदिशींत कृष्णाची होळी. यात कुणालाच काही विशेष वाटत नसे. धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ तर कोल्हापुरातच राहिले आणि अंबाबाईच्या देवळात त्यांनी गायनसेवा केली.

खाँसाहेबांचा स्वभाव विद्येच्या बाबतीत कडक होता. आपली विद्या ते सहजासहजी कुणाला देत नसत. ध्वनिमुद्रिकांचा जमाना येऊनही त्यांनी आपला आवाज तबकडीवर दिला नाही. त्यामुळे आज त्यांचं गाणं ऐकायचं तर ते शिष्यांच्या गळ्यातूनच. भास्करबुवा बखले त्यांच्याकडे शिकले. 1921 मध्ये केसरबाई केरकर यांची तालीम सुरू झाली आणि ती वर्षानुवर्षं चालली. त्याआधी औषधोपचारासाठी सांगलीत असताना रियाज करणाऱ्या एका मुलीचा आवाज रस्त्यानं जाता जाता त्यांच्या कानी पडला आणि ते आपण होऊन तिला शिकवू लागले. त्या मोगूबाई कुर्डीकर. ही तालीम पुढे मध्येच तुटली, त्यात मोगूबाईंवर अन्यायच झाला. काही काळ हैदरखाँनी त्यांना शिकवलं, आणि काही वर्षांनी खाँसाहेबांनी ते काम पुन्हा हाती घेतलं. मोठी माणसंही चुकतात. अर्धवट राहिलेल्या कामाकडे उशिरा का होईना परत वळणं, हाही मुहासब्याचाच भाग.

आयुष्यानं त्यांची परीक्षा एकदाच घेतली नाही. 1937 मध्ये मधले चिरंजीव मंजीखाँ गेले. बापाची विद्या स्वतःच्या रंगात गाणारा, ऐन उमेदीतला गवई. ऐंशी ओलांडलेल्या बापाच्या खांद्यावर मुलाच्या जनाज्याचा भार येणं याहून जड काही नसतं. आमलेट्याला गेला होता तो स्वतःचा आवाज, या वेळी गेला तो आपला वारस. पण तालीम थांबली नाही. मंजीखाँकडे शिकणारे मल्लिकार्जुन मन्सूर पुढे भूर्जीखाँच्या हाताखाली घडले. केसरबाईंची तालीमही चालू राहिली. 16 मार्च 1946 रोजी मुंबईत खाँसाहेबांनी डोळे मिटले, तेव्हा त्यांचं वय नव्वद होतं.

1977 मध्ये व्हॉयेजर यानं पृथ्वीची ओळख सांगणारी सोनेरी तबकडी घेऊन अंतराळात निघाली. तीत भारताचा आवाज म्हणून केसरबाईंची भैरवी आहे. ज्या माणसाचा स्वतःचा गळा एकदा पूर्ण मिटला होता, त्याच्या शिकवणीचा सूर आता सूर्यमालेच्या कडेपलीकडे गेला आहे.

आपल्यापैकी कुणाचा धंदा बसतो, कुणाची नोकरी जाते, कुणाच्या घरातलं माणूस जातं. गेलेलं सगळंच परत येत नाही, आणि आलं तरी पूर्वीसारखं येत नाही. अशा वेळी रात्री तरावीहनंतर, किंवा देवघरातला दिवा शांत झाल्यावर, घटकाभर एकटं बसून एवढाच हिशोब मांडायचा, की गेलं ते किती आणि शिल्लक काय. अल्लादियाखाँनी गेलेल्याचा आकडा लपवला नाही आणि शिलकेचा आकडा कमी लिहिला नाही. उरलेल्या भांडवलावर त्यांनी दुसऱ्या दिवशी तंबोरा जुळवला.