बाळंतपणाची रजा २६ आठवडे, पण पगार कोणी द्यायचा? बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मांडला होता हा हिशेब

कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारातून ९ डिसेंबर १९५० रोजी ते उभे राहिले, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच. जयंती-पुण्यतिथीला इथे राज्यघटना, आरक्षण, चवदार तळे यांची आठवण निघते. नोकरदार बाईच्या बाळंतपणाच्या पगारी रजेशी या माणसाचा असलेला संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही.

हा संबंध थेट आहे. आज संघटित क्षेत्रात ही रजा २६ आठवड्यांची आहे आणि त्या काळातला पगार बहुतेक ठिकाणी मालकाच्या खिशातून जातो. त्यामुळे नव्याने लग्न झालेली मुलगी मुलाखतीला आली, की काही मालक आधी मनात हिशेब करतात. रजा किती, याइतकाच पैसा कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बाबासाहेबांनी नेमके त्यावरच बोट ठेवले होते.

चौदावे अपत्य

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. त्यातली मोजकीच मुले जगली. कुटुंब साताऱ्यात राहायला आल्यानंतर भीमाबाई वारल्या, तेव्हा भीमराव जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते. पुढे आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले.

रमाबाईंशी त्यांचे लग्न लहान वयातच झाले. त्यांना पाच मुले झाली. यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चौघे लहानपणीच गेली. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. घर होते परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत. आजूबाजूला सगळी गिरणी कामगारांची वस्ती. बाळंतीण बाई कामावर कधी परतते आणि तान्ह्या बाळाचे काय होते, हे त्या वस्तीत कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातला एक कामगार स्त्री असे. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, कामाच्या नगावर मजुरी. रजा म्हणजे मजुरी बंद. म्हणून दिवस भरेपर्यंत काम आणि बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर पुन्हा गिरणी. सरकारने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी या स्त्रियांची पाहणी केली. आई कामावर असताना बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची रीत किती सर्रास होती, हे त्यातून पुढे आले.

परिषदेतला प्रश्न

कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले होते. ते फेटाळले गेले. मग मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आर. एस. आसवले यांनी तसेच विधेयक मांडले. बाबासाहेब १९२७ पासून त्या कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सदस्य होते. २८ जुलै १९२८ रोजी ते या विधेयकाच्या बाजूने बोलायला उभे राहिले. त्या वेळी मुंबईत गिरण्यांचा मोठा संप सुरू होता, म्हणजे मालकवर्गाकडून काही पदरात पाडून घ्यायला याहून अवघड मुहूर्त नव्हता.

त्यांची मांडणी दोन पायऱ्यांची होती. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे. लोकांचे कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, ही पहिली पायरी. जिथे जिथे असा लाभ सुरू झाला, तिथे सरकारने काही वाटा घेतला आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. दुसरी पायरी मालकाची. ठरावीक कामांना मालक पुरुषाऐवजी बाई ठेवतो, कारण त्यात त्याचा जास्त फायदा असतो. तो फायदा घ्यायचा आणि बाळंतपणाची जबाबदारी झटकायची, हे चालणार नाही. सरकार पुढे येत नसेल, तर तूर्तास मालकाने द्यावे.

यातला ‘तूर्तास’ महत्त्वाचा आहे. तो काळाच्या ओघात गळून पडला.

कायदा १९२९ मध्ये झाला. रोज आठ आणे, दोन महिन्यांच्या आतली सुटी, फक्त कारखान्यांपुरता, आणि पैसे पूर्णपणे मालकाचे. देशातल्या पुढच्या प्रांतिक कायद्यांना तो नमुना ठरला. त्यानंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याला नवी यंत्रे, रात्रपाळीवरची बंदी अशी बरीच कारणे होती, पण बाई ठेवली की खर्च वाढतो, ही तक्रारही त्यात होतीच.

कोल्हापूरला हा कायदा थेट लागू नव्हता. इथे संस्थान होते. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पायाभरणी केलेल्या शाहू मिलपर्यंत मुंबई कायदेमंडळाचा हात पोहोचत नव्हता. संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले मार्च १९४९ मध्ये. तसे बाबासाहेबांचे आणि कोल्हापूरचे नाते फार जुने. ‘मूकनायक’साठी महाराजांनी केलेली मदत आणि मार्च १९२० ची माणगाव परिषद इथल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

मजूरमंत्री असताना

रमाबाई मे १९३५ मध्ये गेल्या. पुढच्या वर्षी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ मध्ये पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात, असा ठराव मुंबई विधानसभेत आणला. तो मोठ्या फरकाने पडला. वारंवारच्या बाळंतपणाने बाईची तब्येत ढासळते, हे तेव्हा सभागृहात उघड बोलणेही धाडसाचे होते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. खाणींतील स्त्रियांसाठी १९४१ चा प्रसूती लाभ कायदा होता. त्यात त्यांच्या काळात दुरुस्त्या झाल्या आणि १९४५ च्या दुरुस्तीने जमिनीखाली काम करणाऱ्यांची रजा वाढली.

याच काळातली एक गोष्ट मात्र त्यांच्या चाहत्यांनाही अडचणीची वाटते. युद्धात कोळसा कमी पडला, म्हणून १९४३ मध्ये स्त्रियांना खाणीत जमिनीखाली उतरवण्यावरची बंदी उठवली गेली. केंद्रीय कायदेमंडळात टीका झाली. बाबासाहेबांनी युद्धाची निकड सांगितली आणि तिथे स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळते, हेही नोंदवले. बंदी पुन्हा आली फेब्रुवारी १९४६ मध्ये. हा निर्णय त्यांच्या नावावर आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

पण पैसा कोणाचा, या प्रश्नाला त्याच खात्यात तिसरे उत्तर तयार होत होते. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आदारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आजचे ईएसआय, उभा राहिला. त्यात पुरुष असो वा स्त्री, प्रत्येक विमाधारक कामगारामागे वर्गणी जाते. सध्या मालकाची ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के. बाळंतपणाचा पगार त्या सामाईक निधीतून मिळतो. बाईला कामावर ठेवले म्हणून मालकाला जादा भुर्दंड पडत नाही. सगळी मेख इथे आहे.

पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी दिलेल्या संविधानात अनुच्छेद ४२ आला. प्रसूती साहाय्याची तरतूद राज्याने करावी, असे तो सांगतो. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात थेट हक्क मागता येत नाही. बाबासाहेबांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले.

त्यांच्यानंतर काय झाले?

१९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची रजा दिली आणि भार पुन्हा मालकावर टाकला. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले, पण पैसे देणारा तोच राहिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही २६ आठवडेच आहेत. सात आठवड्यांचा पगार सरकारने मालकांना परत द्यावा, असा प्रस्ताव २०१८ मध्ये चर्चेत आला होता. तो तिथेच राहिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ च्या पहिल्या प्रसूती करारातच हा पैसा सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून द्यावा, असे म्हटले होते. भारताने त्या कराराला आजवर मान्यता दिलेली नाही.

ईएसआयचा आधारही सगळ्यांना नाही. महिना २१ हजारांपेक्षा जास्त पगार असेल, तर ती योजना साधारणपणे लागू होत नाही आणि तिथे मालकच पैसे देतो. उलट टोकाला चपलेच्या वेण्या घरी बसून विणणारी कोल्हापूरची बाई आहे. तिचा मालक कागदावर कुठेच नसतो, मग पगारी रजा कोणाकडे मागायची? तिच्या वाट्याला पंतप्रधान मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये येतात. इथे पैसा सरकारचा आहे खरा, पण २६ आठवड्यांत तो वाटला तर दिवसाला ३० रुपयेही पडत नाहीत.

हंगामात जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला येणाऱ्या बायकांचे तर आणखी वेगळे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई बसली की खाडा पडतो आणि तो उचलीत धरला जातो. १९४४ मध्ये बाबासाहेबांच्या खात्याने कोळशावर उपकर लावून खाण कामगारांचा कल्याण निधी उभा केला होता. त्याच धर्तीवर राज्यात ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी उसाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले आहे. बाळंतपणात पडणारा खाडा या पैशातून भरून देता येईल. त्यासाठी मुकादम आणि कारखाना यांच्यात त्या बाईचा मालक नेमका कोण, हे आधी ठरवत बसावे लागणार नाही.