म्हाइंभट

परतवाड्याहून पूर्वेकडे निघाले, की चांदूर बाजार ओलांडल्यावर रिद्धपूर हे गाव लागते. आज ते लहानसे दिसते. परंतु तेराव्या शतकात मराठी गद्याचा पहिला ग्रंथ याच गावी सिद्ध झाला. त्याचे कर्ते म्हाइंभट होत.

म्हाइंभट मूळचे सराळे गावचे. संस्कृत शास्त्रांत ते निष्णात होते आणि त्या विद्वत्तेचा त्यांना मोठा अभिमान होता. श्रीचक्रधरस्वामींशी वाद करावयास ते गेले, पण साध्या मराठीत बोलणाऱ्या त्या महापुरुषापुढे त्यांचे पांडित्य टिकले नाही. वादी म्हणून गेलेले म्हाइंभट शिष्य झाले.

पुढे चक्रधरस्वामींचा वियोग झाला. त्यांचे अनुयायी रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंजवळ येऊन राहिले. त्यांत नागदेवाचार्य होते, तसेच धवळे रचणारी महदाइसाही होती. नागदेवाचार्य स्वामींच्या एकेका आठवणीचे नित्य स्मरण करीत. ते पाहून म्हाइंभटांच्या मनात आले, की ही माणसे आहेत तोवर आठवणी आहेत. मागून येणाऱ्यांना त्या कोठून मिळणार? त्या लिहून ठेवण्याची त्यांनी अनुज्ञा मागितली.

मग रिद्धपूरच्या वाजेश्वरी या स्थानी काम सुरू झाले. नागदेवाचार्यांनी सांगावे, म्हाइंभटांनी लिहावे. परंतु नागदेवाचार्य स्वामींच्या सहवासात आले ते उशिरा. त्यापूर्वीचे प्रसंग ज्यांनी पाहिले, त्यांनाच विचारणे प्राप्त होते. म्हणून म्हाइंभट गावोगाव हिंडले. कोणी शेतात राबत असे. त्याच्यामागे शेतात जावे, त्याची सवड होईपर्यंत थांबावे, असा त्यांचा क्रम होता, असे सांगतात. शास्त्रार्थात पंडितांना गप्प करणाऱ्या माणसाला हे सोपे गेले नसेल! आणलेली प्रत्येक आठवण नागदेवाचार्यांपुढे येई. ती पारखली जाई. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर म्हाइंभट स्वतःच्या मर्जीने एक गाळून टाकीत नसत. अमक्याचे म्हणणे असे, तमक्याचे तसे, हेही ते नोंदवीत. स्वामी एकटेच फिरत होते त्या काळाला तर साक्षीदारच नव्हता. तेथे स्वामींनी शिष्यांना जे सांगितले होते, तेवढेच घेतले.

असा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तयार झाला. त्याचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. म्हाइंभटांना संस्कृतात लिहिणे अवघड नव्हते. पण सामान्य स्त्रीपुरुषांना कळावे म्हणून धर्माचे ज्ञान मराठीतच सांगावे, असा नागदेवाचार्यांचा आग्रह असे. त्यामुळे त्या काळचे लोक घरात आणि वाटेवर जसे बोलत, तसेच ते या ग्रंथात बोलतात. गोविंदप्रभूंच्या मागे म्हाइंभटांनी त्यांचेही चरित्र इ. स. १२८८ च्या सुमारास लिहिले.

पुढे परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी लुटली गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हाइंभटांचे सारे श्रम त्या पोथीबरोबरच जावयाचे. परंतु हिराइसा नावाच्या बुद्धिमान स्त्रीला तो ग्रंथ मुखोद्गत होता. तिच्या आणि इतर शिष्यांच्या आठवणीवरून तो पुन्हा लिहिला गेला. म्हणूनच जुन्या पोथ्यांत निरनिराळे पाठ आढळतात. ते पाठ ताडून डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.