रांगेतून निसटलेली पोरं

शाळेतला पीटीचा तास आठवून बघा. सावधान, विश्राम, दहिने मुड आणि मग शिट्टीच्या तालावर मैदानाला फेऱ्या. प्रत्येक वर्गात दोन-तीन जण असायचेच, ज्यांचा पाय कधी तालात पडला नाही. कदाचित त्यातले एक तुम्हीच असाल. (मी होतो, म्हणून विचारतोय.) अशा पोरांना आळशी ठरवलं की विषय संपतो. रोममधल्या एका डॉक्टरीणबाईंनी तो तसा संपू दिला नाही.

मारिया मॉन्टेसरी हे नाव तुम्ही गल्लीतल्या नर्सरीच्या पाटीवर वाचलेलं असणार. बाई मुळात डॉक्टर, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नसतं. जन्म 1870 चा, इटलीतल्या किआराव्हाले गावचा. 1896 मध्ये त्यांनी रोम विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली, त्या काळी मुलीनं डॉक्टर व्हायचं म्हणजे घरीदारी भांडण ठरलेलं. पुढे त्या विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवू लागल्या. मुलांची उंची, वजन, हातापायांची लांबी मोजून नोंदवायची, ही सवय तिथली.

6 जानेवारी 1907 ला रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं ‘बालकांचं घर’ उघडलं. खरं तर ते चाळमालकांच्या गरजेतून निघालं होतं. आईबाप कामावर गेले की पोरं नव्यानं रंगवलेल्या भिंती खराब करायची, म्हणून त्यांना कुठंतरी गुंतवून ठेवायचं! बाईंना मात्र निरखायला पन्नासेक मुलं मिळाली.

अशाच एका बालगृहाच्या अंगणात त्यांना जे दिसलं, ते मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वात भारी वाटतं. शिक्षिका मुलांना रांगेत चालवत होती. मोठी पोरं छान चालायची. अडीच वर्षांची चिमुरडी मात्र थकायची आणि रांगेतून निसटायची. पण ती खाली बसत नव्हती. पळत जाऊन तारांचं कुंपण गाठायची, वरची तार हातांनी धरायची, खालच्या तारेवर पाय टेकवायची आणि आडवी-आडवी सरकत राहायची. चेहऱ्यावर आनंद नुसता ओसंडत असायचा. तिथूनच ती मोठ्यांची रांग बघायची.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? दटावून परत रांगेत उभं केलं असतं. बाईंनी आपली मोजमापं काढली. नवजात बाळाची उंची शंभर धरली, तर डोक्यासकट धड 68 आणि पाय जेमतेम 32. तिसऱ्या वर्षीही धड 62 च्या आसपास असतं. मोठ्या माणसात हे जवळपास निम्मं-निम्मं होतं. म्हणजे लहान मूल ही माणसाची छोटी प्रत नाहीच. त्याच्या आखूड, कोवळ्या पायांवर धडाचा भलताच भार असतो. कुंपणाला लटकलं की तो भार हातांवर जातो आणि पायांना कामही मिळतं. पोरांनी आपला व्यायाम आपणच शोधला होता.

मग बाईंनी तसंच छोटं कुंपण मुद्दाम करून घेतलं. झोका केला, तोही रुंद बैठकीचा, पाय पूर्ण टेकतील असा. समोर फळी. तिला पायांनी रेटा द्यायचा की झोका मागे आणि गुडघे मजबूत. लाकडी गोल जिना केला, एका बाजूला कठडा आणि दुसरी उघडी. पायऱ्या अगदी बुटक्या, कारण घरचे जिने मोठ्यांच्या पायांच्या मापाचे असतात. जमिनीवर लंबगोल रेघ आखली. तिच्यावर तोल सांभाळत चालायचं, पुढे हातात काठोकाठ भरलेला पेला घेऊन.

बाकांवरही त्यांचा राग होता. मुलांना तासन्‌तास बाकात अडकवायचं आणि पाठीला बाक आला की उपचार शोधायचे, हा उलटा कारभार त्यांना मान्य नव्हता.

बाई चुकल्याच नाहीत असं नाही. 1924 पासून त्यांच्या शाळांना मुसोलिनीचा पाठिंबा होता आणि त्यांनी तो घेतला. त्याच राजवटीनं इटलीतल्या पोरांना गणवेश चढवून कवायतीला उभं केलं. कुंपणाला लटकणारं मूल समजून घेणाऱ्या बाईंना हे आधीच दिसायला हवं होतं, असं मला वाटतं. 1934 मध्ये संबंध तुटले आणि त्यांनी देश सोडला.

1939 मध्ये त्या मुलगा मारिओसोबत मद्रासजवळ अड्यारला शिक्षकांना शिकवायला आल्या. लग्नाविना जन्मलेला हा मुलगा लहानपणी दुसऱ्या घरी वाढला होता. जगाची पोरं निरखणाऱ्या आईला स्वतःच्या पोराचं बालपण बघता आलं नाही. 1940 मध्ये इटली युद्धात उतरली, इंग्रजांनी मारिओला छावणीत टाकलं आणि बाईंना अड्यारबाहेर जायला बंदी केली. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी तो सुटला.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी ही पद्धत उचलली आणि इथल्या मातीची केली. कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली. मुलं गुरांमागे जातात, तर शाळाच कुरणात न्यायची.

6 मे 1952 ला हॉलंडमध्ये मॉन्टेसरीबाई गेल्या. आज ‘मॉन्टेसरी साहित्य’ म्हणून गुलाबी मनोरा मिळतो, मणी मिळतात. ते बुटकं कुंपण मात्र मला अजून एकाही नर्सरीत दिसलेलं नाही. सोसायटीच्या गेटला लटकलेली पोरं रोज दिसतात, आणि त्यांच्यावर ओरडणारा वॉचमनही.