बाबासाहेब आणि गावाची तिजोरी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आम्ही घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. चवदार तळे, काळाराम मंदिर, दीक्षाभूमी हा इतिहास आमच्या लेकरांनाही तोंडपाठ आहे. पण बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा पाया ज्या विषयावर उभा राहिला, तो विषय होता सरकारी तिजोरी. पैसा कोणाकडून गोळा होतो, तो कोण खर्च करतो आणि कोणाच्या दारी पोहोचतो, हा प्रश्न त्यांनी तरुणपणी हाती घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब मागणारे आम्ही, ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीभोवती राहणाऱ्या बांधवांनी तर बाबासाहेबांच्या चरित्राची ही बाजू समजून घेतलीच पाहिजे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले सुभेदार रामजींचे हे पुत्र १९१२ मध्ये बी.ए. झाले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे करशास्त्रातील नामांकित प्राध्यापक सेलिगमन त्यांचे गुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा पैशाचा व्यवहार या विषयावर त्यांनी १९१५ मध्ये प्रबंध लिहिला. शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर यावे लागले. तेथे एवढ्या मोठ्या विद्वानाला जातीमुळे राहायला घर मिळाले नाही! पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे जमवले, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा विकास सांगणारा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावना खुद्द सेलिगमन यांची होती.

या ग्रंथात काय आहे? १८३३ च्या सनदी कायद्याने साऱ्या देशाची तिजोरी एका हाती गेली. कर बसवण्याचा अधिकार वरच्या सरकारला आणि प्रत्यक्ष खर्च प्रांतांचा, असा कारभार सुरू झाला. काटकसरीची फिकीर कोणालाच उरली नाही. १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रक्कम, नंतर उत्पन्नाच्या काही बाबी, नंतर महसुलात वाटा असे टप्पे आले. तरीही प्रांतांची तिजोरी स्वतंत्र झाली नाही, वरून दिलेल्यावरच ती चालत राहिली, हे बाबासाहेबांनी आकडेवारीनिशी सिद्ध केले. प्रांताच्या जागी ग्रामपंचायत ठेवा, आजचेच चित्र दिसेल. अनुदानाच्या तोंडाकडे पाहत बसणाऱ्या संस्थेचे अधिकार कागदावरच राहतात.

बाबासाहेबांनी हे ज्ञान कपाटात ठेवले नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत झाला. तो न पाळणाऱ्या नगरपालिकांचे आणि लोकल बोर्डांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव बोले यांनी १९२६ मध्ये आणला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण अंमल केला नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला आणि सनातनी मंडळी तळे खासगी असल्याचा दावा घेऊन कोर्टात गेली. हा दावा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही टिकला नाही. आमच्या दृष्टीने महाडचा लढा माणुसकीचा होता, तसाच सार्वजनिक मालमत्तेवरील समान हक्काचाही होता.

१९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. वतन म्हणजे काय? सरकारची रात्रंदिवस चाकरी महारांनी करायची आणि मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. म्हणजे गावच्या कारभाराचा खर्च सरकारने महारांच्या पाठीवर टाकला होता! ही वतने कायद्याने गेली ती बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कायद्याने. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांसाठी राखीव जागांची मागणी केली. तिजोरीची किल्ली गावच्या सवर्णांच्या हाती आणि आपला एकही माणूस तेथे नाही, हा धोका त्यांनी ओळखला होता.

घटनेत वित्त आयोग आला, कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही हे तत्त्व आले आणि केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा वा स्थानिक संस्थेचा कर नाही, हे कलम २८५ ही आले. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यातून बाबासाहेब लोकसभेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. त्यानंतर, १९६० च्या दशकात, त्यांनी मते मागितलेल्या या जिल्ह्यात आयुध निर्माणी उभी राहिली.

निर्माणी केंद्राची, म्हणून तिच्यावर घरपट्टी नाही. भोवतीच्या मजुराच्या दोन खोल्यांवर मात्र आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेली. सरकारी कंपनीची मालमत्ता म्हणजे केंद्राची मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खटल्यात सांगितले आहे. म्हणून जमीन आणि इमारती कोणाच्या नावे आहेत, हे कागदावर पाहिले पाहिजे. केंद्राच्या असतील तर कलम २८५ आडवे येते. पण सेवांचे शुल्क घेण्याचा मार्ग २००९ मध्ये राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात मान्य झाला आहे. कंपनीच्या असतील तर कलम २८५ ची ढाल उरत नाही.

आणि घरपट्टी वाढली म्हणजे बौद्ध वस्तीत नळ येईलच असे नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. उत्पन्नच आटले तर हे १५ टक्केही आटतात. म्हणून कर आकारणीचा नमुना ८ आणि अंदाजपत्रकाचा नमुना १ ग्रामसभेत मागा. ग्रामपंचायत अधिकारी टाळाटाळ करील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागायला बाबासाहेबांनी शिकवले. त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या हातांनी हा अर्जही लिहिला पाहिजे. जयभीम!