लेनेक यांची लाकडी नळी
रेने लेनेक यांचा जन्म १७८१चा, फ्रान्समधल्या ब्रिटनीतला. आई लहानपणीच गेली; डॉक्टर काकांनी वाढवले. १८१६मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात एका स्थूल तरुणीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी टेकवली. ठोके स्पष्ट ऐकू आले. पुढे लाकडी नळी केली. पण नळीपेक्षा मोठे काम वेगळेच: ऐकलेले आवाज शवविच्छेदनाशी ताडून न्यूमोनिया, छातीतले पाणी, फुप्फुसाबाहेर साठलेली हवा त्यांनी वेगवेगळी ओळखली. धाप लागलेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेशी आज सोनोग्राफीने हेच शोधतात. १८२६मध्ये नात्यातल्याच तरुण डॉक्टरने, मेरियादेकने, नळी लावून लेनेक यांची छाती ऐकली. क्षय होता. त्याच ऑगस्टमध्ये ते गेले, वयाच्या ४५व्या वर्षी. नळी मेरियादेकला मिळाली.