शिणलेल्या भूमीचा विश्वासू कारभारी : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

एखाद्या प्रांतात यंदा किती पीक आले आणि त्याचे मोल किती झाले, हे सरकारदरबारी दरवर्षी मोजले जाते. गाठी, खंडी आणि रुपये यांचे ते मोठे आकडे ऐकून प्रांत संपन्न आहे असे कोणासही वाटेल. परंतु ज्याच्या घामाने ते पीक उभे राहिले त्याच्या घरी हंगाम सरल्यावर काय उरले, आणि ज्या जमिनीने ते दिले तिच्या अंगी पुढील वर्षासाठी काय उरले, हे दोन हिशेब त्या वह्यांत बहुधा सापडत नाहीत. हे दोन हिशेब मांडण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा एका देवभीरू पुरुषाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे. श्रीमती वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ ह्या पुस्तकामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचले आहे. तथापि शेतकरी आणि ख्रिस्ती मनुष्य ह्या दोन्ही नात्यांनी त्यांच्या चरित्राकडे पुन्हा पाहणे आम्हांस लाभदायक होईल.

अमेरिकेतील मिसूरी प्रांतात डायमंड नावाच्या गावाजवळ, १८६४ च्या सुमारास, मेरी नामक एका गुलाम स्त्रीच्या पोटी जॉर्जचा जन्म झाला. नक्की जन्मदिवस कोणी लिहून ठेवला नाही. गुलामाच्या लेकराचा जन्मदिवस लिहावा असे कोणास वाटणार? त्या काळी उत्तर व दक्षिण यांच्यातील यादवी युद्ध चालले होते आणि गुलामांना पळवून विकणाऱ्या टोळ्या रात्री हिंडत असत. अशाच एका टोळीने मेरीला व तिच्या तान्ह्या बाळाला आर्कान्सा प्रांताकडे पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर याने शोधासाठी माणूस धाडला. आईचा पत्ता कधीच लागला नाही; डांग्या खोकल्याने मरणोन्मुख झालेले मूल मात्र परत मिळाले आणि त्याच्या बदल्यात एक घोडा देण्यात आला, असे सांगतात. ज्या मुलाची किंमत एक घोडा ठरली, त्याच्या हातून पुढे हजारो कुटुंबांचे कल्याण व्हावे, ही देवाची योजना होती.

गुलामगिरी संपल्यावर मोझेस व सुसान कार्व्हर ह्या निपुत्रिक दांपत्याने जॉर्ज व त्याचा थोरला भाऊ जिम यांना घरीच वाढविले. जॉर्ज प्रकृतीने अशक्त असल्यामुळे त्याला शेतातील जड कामे झेपत नसत. तो चुलीजवळची कामे शिकला आणि उरलेला वेळ रानातील झाडाझुडपांत घालवू लागला. कोमेजलेले रोप त्याच्या हाती दिले की ते टवटवीत होते, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती झाली. गावच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून तो काही कोसांवरील निओशो गावी पायी गेला व मरायाह वॉटकिन्स नामक धार्मिक बाईच्या घरी राहिला. तिच्याकडून तो धुणे, इस्त्री व वनौषधींचे ज्ञान शिकला, आणि पवित्र शास्त्राची गोडीही त्याला तेथेच लागली. पुढे कॅन्सस प्रांतात गावोगाव फिरून, लोकांचे कपडे धुऊन व स्वयंपाक करून, त्याने शिक्षण पुरे केले.

हायलंड येथील एका ख्रिस्ती विद्यालयाने त्याचा अर्ज पत्रानेच मंजूर केला. परंतु तो दारी उभा राहिला तेव्हा त्याचा वर्ण पाहून त्याला परत पाठविण्यात आले. वाचकहो, हे सांगताना लाज वाटते, पण झाकून ठेवणे योग्य नव्हे. प्रभूच्या नावाने चालणाऱ्या घराचे दार प्रभूच्याच लेकरावर बंद झाले. जॉर्जने मात्र त्यामुळे प्रभूला सोडले नाही. १८९० साली आयोवा प्रांतातील सिम्प्सन कॉलेजाने त्याला आनंदाने घेतले. तेथे तो चित्रकला शिकत होता. त्याचे वनस्पतिप्रेम पाहून त्याच्या शिक्षिकेने त्याला एम्स येथील शेतकी कॉलेजात जाण्याचा सल्ला दिला. १८९१ साली तो त्या कॉलेजातील पहिला काळा विद्यार्थी झाला. आरंभी त्याला इतर विद्यार्थ्यांबरोबर जेवावयास बसू देत नसत. तेथेच १८९४ साली तो पदवीधर झाला, १८९६ साली वरची पदवी मिळविली आणि अध्यापकही झाला. त्याच्यापुढे आता मान, वेतन व संशोधन यांचा सुखाचा मार्ग मोकळा होता.

त्याच वर्षी अलाबामा प्रांतातून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. तेही जन्माने गुलाम होते व १८८१ पासून टस्कीगी येथे आपल्या बांधवांसाठी विद्यालय चालवीत होते. तेथे शेतकी खाते उभारावयाचे होते आणि प्रयोगशाळा तर नव्हतीच. कार्व्हर गेले. फुटक्या बाटल्या, जुनी भांडी व टाकाऊ तारा उकिरड्यांवरून वेचून त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने प्रयोगशाळा सजविली. पुढील ४७ वर्षे ते तेथेच राहिले.

अलाबामाची त्या वेळची स्थिती आम्हां कापूस पिकविणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. तो सारा मुलूख कापसाचा. गुलामगिरी कायद्याने गेली होती, तथापि मुक्त झालेल्या बहुतेक कुटुंबांस जमीन मिळाली नव्हती. ती बटाईने दुसऱ्याची जमीन कसत. बियाणे, पीठ, खारवलेले मांस व काकवी दुकानदाराकडून उधार आणीत आणि उभे पीक त्याच्याकडे गहाण ठेवीत. दुकानदार तारण म्हणून कापूसच मागे, कारण तो हमखास विकला जाई. म्हणून झोपडीच्या उंबरठ्यापर्यंत कपाशी लावली जाई. भाजीला वाफा नाही, गाईला चारा नाही. सगळ्यांनीच कापूस पिकविला म्हणजे भाव पडे. १८९४ साली तर तो पौंडाला पाच सेंटांच्याही खाली गेला. भाव पडला की कर्ज फेडण्यास आणखी कापूस लावावा लागे. अशा रीतीने प्रांताच्या गाठी वाढत, आणि कुणब्याचे कर्जही वाढे. वर्षानुवर्षे एकच पीक घेतल्याने जमीन शिणली आणि पावसाने माती वाहून गेली. पुढे मक्याच्या निकस आहारामुळे पेलाग्रा नावाचा रोगही त्या गरिबांत पसरला. कपाशीने प्रांताला पैसा दिला. परंतु पिकविणाऱ्याला अन्न दिले नाही आणि भूमीला विसावा दिला नाही.

कार्व्हर यांनी विद्यालयाच्या एका निकृष्ट तुकड्यावर काम आरंभिले. विकतचे खत गरिबाला परवडत नाही हे जाणून त्यांनी रानातील पालापाचोळा व दलदलीतील काळा गाळ आणून मातीत मिसळला. मग कपाशीच्या जागी चवळी, रताळी व भुईमूग ही पिके आलटून पालटून घेतली. चवळी, भुईमूग इत्यादी द्विदल पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र घेऊन पिकाला पुरवितात, आणि मुळ्या व पाला शेतात कुजू दिल्यास मागून येणाऱ्या पिकासही तो मिळतो. आमचे वडीलधारे ज्याला चांगला बेवड म्हणत, त्याचेच हे शास्त्रीय कारण होय. काही वर्षांनी त्याच तुकड्यात त्यांनी पुन्हा कापूस लावला, तेव्हा शेजारच्या शेतांना लाजविणारे पीक आले. झिजलेली जमीन कशी सुधारावी ह्याविषयी १९०५ साली त्यांनी एक पत्रक काढले. अशी ४४ पत्रके त्यांनी लिहिली, आणि अल्पशिक्षित मनुष्यासही समजेल अशीच त्यांची भाषा ठेविली.

परंतु ज्याला वाचताच येत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी १९०६ साली, न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप नामक गृहस्थांच्या देणगीतून, एक गाडी तयार झाली. तीत अवजारे, बियाणे, चरवी, लोणी काढण्याचे यंत्र असे साहित्य भरून ती वाडीवाडीने फिरू लागली. शेतकरी विद्यालयाकडे येत नाही, तर विद्यालयाने त्याच्या बांधावर जावे, हा त्यामागील विचार होता. आमचे प्रचारक सुवार्ता घेऊन असेच पायी फिरत असतात. त्यांस ह्या गाडीचे मर्म सांगावयास नको.

इतक्यात एक मोठे संकट आले. मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्सास प्रांतात शिरलेला एक सोंडकिडा वर्षागणिक पूर्वेकडे सरकत होता. तो कपाशीच्या पात्यांत व बोंडांत अंडी घाली, आणि पीक बघता बघता नासे. आपल्याकडील बोंडअळी ती ही नव्हे. पण हानी तशीच. १९१० च्या सुमारास तो अलाबामात पोचला. ज्यांचे सर्वस्व एका कपाशीवर होते त्यांचे सर्वस्व गेले. तेव्हा पुष्कळ लोक भुईमुगाकडे वळले. त्या प्रांतातील एंटरप्राइझ गावच्या लोकांनी तर भुईमुगाने आपले दैन्य गेले म्हणून ११ डिसेंबर १९१९ रोजी चौकात त्या किड्याचे स्मारक उभारले. संकट हा कधी कधी कडक शिक्षक असतो, याची ही साक्ष होय.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नवे पीक पुष्कळ आले म्हणजे त्याचे मोल झालेच असे नाही. घेणारा नसेल तर भुईमुगाचे ढीगही कपाशीसारखेच दारिद्र्य आणतील. कार्व्हर यांनी हे ओळखून दोन वाटा धरल्या. पहिली वाट घरातील. १९१६ साली त्यांनी भुईमूग कसा पिकवावा आणि त्याचे १०५ खाद्यप्रकार कसे करावे, हे सांगणारे पत्रक काढले; कारण जे घरी खाल्ले जाते त्याचा भाव बाजारात पडत नाही. दुसरी वाट बाजारातील. दूध, पीठ, तेल, रंग, शाई असे शेकडो उपयोग त्यांनी प्रयोगांनी दाखविले. जानेवारी १९२१ मध्ये परदेशातून येणाऱ्या स्वस्त भुईमुगावर जकात असावी की नसावी, ह्याची चौकशी करणाऱ्या वॉशिंग्टन येथील कमिटीपुढे ते उभे राहिले. त्यांस दहा मिनिटे दिली होती, आणि आरंभी एका सभासदाने हेटाळणीही केली. कार्व्हर विचलित झाले नाहीत. आपल्या पेटीतून एकेक वस्तू काढून ते शांतपणे समजावीत गेले. तेव्हा कमिटीने वेळेची मर्यादा काढून टाकली आणि शेवटी टाळ्यांनी त्यांचा गौरव केला. १९२२ च्या कायद्याने ती जकात कायम झाली.

थोर पुरुषांविषयी अतिशयोक्तीही पुष्कळ होते. ती खपवून घेणे ख्रिस्ती वृत्तपत्रास शोभत नाही. भुईमुगाचे लोणी कार्व्हर यांनी शोधून काढले असे म्हणतात, ते खरे नव्हे. त्यांच्या शेकडो वस्तूंपैकी फार थोड्या बाजारात टिकल्या. दक्षिणेत भुईमूग वाढला त्यास सोंडकिडा व १९१४ ते १९१८ चे महायुद्ध हीही मोठी कारणे होती. शिवाय ज्याची स्वतःची जमीन नव्हती, त्याला मालकाच्या हुकुमाविरुद्ध पीक बदलता येत नसे. अशी असंख्य कुटुंबे शेवटी गाव सोडून उत्तरेकडील शहरांत गेली. पत्रकाने अन्याय दूर होत नाही. तरीही ज्याच्या हाती एक वाफा होता त्याला तो वाफा कसा फुलवावा हे कार्व्हर यांनी शिकविले, आणि ही सेवा लहान नव्हे.

त्यांच्या सर्व कामाचे मूळ प्रार्थनेत होते. ते पहाटे उठून रानात जात व उत्पन्नकर्त्याशी बोलत. सुमारे तीस वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पवित्र शास्त्राचा वर्ग चालविला. १९२४ साली न्यूयॉर्क येथील एका मंदिरात त्यांनी आपले ज्ञान देवाच्या प्रेरणेने मिळते असे सांगितले, तेव्हा एका मोठ्या वर्तमानपत्राने त्यांच्यावर टीका केली. परंतु त्यांनी आपली साक्ष मागे घेतली नाही. महात्मा गांधी यांच्याशीही आहाराविषयी त्यांचा पत्रव्यवहार झाला होता. त्यांनी आयुष्यभर उघड्या शोधांवर धन जोडले नाही. केवळ तीन पेटंटे त्यांच्या नावावर आहेत. वेतनवाढ मागितली नाही, लग्न केले नाही, कोटही जुनाच वापरला; मात्र त्यावर रोज एक ताजे फूल असे. साठविलेली सुमारे ६०,००० डॉलरांची रक्कम त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते प्रभूमध्ये निजले आणि बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांस मूठमाती देण्यात आली.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या वऱ्हाडात, खानदेशात व मराठवाड्यातही कापूस आहे, कर्ज आहे, आणि परक्याच्या शेतात राबणारे हात आहेत. पूर्वी कपाशीत तुरीच्या ओळी घालण्याची चाल होती. तिच्यात जमिनीचा विसावा व घरची डाळ दोन्ही साधत. मोशेच्या नियमशास्त्राने भूमीलाही शब्बाथ दिला होता, हे आम्ही विसरू नये. यंदा सुगीनंतर प्रत्येक कुटुंबाने आपला हिशेब मांडावा : किती विकले एवढेच नव्हे, तर किती घरी खाल्ले, किती देणे राहिले आणि जमिनीला काय परत दिले. ज्यांस तो लिहिता येत नाही, त्यांस प्रचारकांनी लिहून द्यावा. ज्याला घोड्याच्या मोलाने सोडविले तो मनुष्य इतका विश्वासू निघाला. मग ज्यांस प्रभूने आपल्या रक्ताचे मोल देऊन सोडविले, त्या आम्ही आपल्या हाती आलेल्या लहानशा वाफ्याविषयी किती विश्वासू असावे बरे!