मारिया सबिना आणि अळंबीचे ऋण

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून सायलोसिबिन या औषधाला मर्यादित परवानगी दिली. परवानाधारक मनोविकारतज्ज्ञच ते देऊ शकतात. हे द्रव्य मुळात काही जातींच्या रानटी अळंबीत असते. आधुनिक वैद्यकाला त्याची वाट सापडली, ती मेक्सिकोतल्या एका निरक्षर, गरीब स्त्रीच्या घरात. तिचे नाव मारिया सबिना.

दक्षिण मेक्सिकोत वाहाका राज्याच्या डोंगराळ भागात माझातेक या आदिवासी समाजाची वस्ती आहे. तेथील हुआउत्ला गावाच्या परिसरात १८९४ च्या सुमारास मारिया सबिना यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले आणि आई मुलींना घेऊन माहेरी आली. घरात खाणारी तोंडे जास्त आणि मका कमी. बकऱ्या राखायला गेलेल्या मारिया आणि तिची बहीण भुकेपोटी रानातली अळंबी खात. उपचाराच्या विधीत ती कशी वापरतात, हे त्यांनी मोठ्यांकडे पाहिले होते.

पुढे लग्न, वैधव्य, दुसरे लग्न आणि पुन्हा वैधव्य. मुलांसाठी त्या शेतात राबल्या. बहीण गंभीर आजारी पडली तेव्हा त्यांनी अळंबीचा विधी करून तिच्यावर उपचार केले. ती बरी झाली आणि गाव त्यांना जाणती मानू लागले.

हा विधी रात्री चाले. रुग्णासोबत घरचे लोक असत. देवापुढे मेणबत्ती लागे, धूप जळे. अळंबी जोडीजोडीने खाल्ली जाई. मग अंधारात मारिया सबिना पहाटेपर्यंत माझातेक भाषेत गात. अळंबीला त्या पवित्र मुले मानत. आजाराचे मूळ शोधणे एवढाच विधीचा हेतू असे. नुसत्या अनुभवासाठी कोणी येत नसे.

जून १९५५ मध्ये न्यूयॉर्कचे बँक अधिकारी गॉर्डन वॅसन हुआउत्लात आले. अळंबीचा अभ्यास हा त्यांचा छंद होता. गावच्या एका अधिकाऱ्याने शब्द टाकला म्हणून मारिया सबिना यांनी त्यांना विधीत बसू दिले. छायाचित्रे जवळच्या माणसांपलीकडे दाखवू नयेत, या अटीवर काढू दिली. मे १९५७ मध्ये ‘लाइफ’ या लोकप्रिय अमेरिकी साप्ताहिकात वॅसन यांचा सचित्र लेख आला. बाईंचे आणि जागेचे नाव बदललेले होते. पण खरा ठिकाणा फार काळ लपला नाही.

विज्ञानाने वेगाने पाऊल टाकले. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी अळंबीतून सायलोसिबिन वेगळे केले. पुढे कंपनीने त्याच्या गोळ्या बनवल्या. १९६२ मध्ये हॉफमन त्या घेऊन स्वतः हुआउत्लात गेले. मारिया सबिना यांनी गोळ्यांनी विधी केला आणि त्यांत अळंबीचेच बळ असल्याची पावती दिली. अळंबी पावसाळ्यातच उगवते. आता इतर वेळीही रुग्णांवर उपचार करता येतील, याचा त्यांना आनंद झाला. विज्ञानाशी त्यांचे भांडण नव्हते.

त्रास झाला तो गर्दीचा. १९६० च्या दशकात हिप्पींचे लोंढे हुआउत्लात येऊ लागले. आजार नसताना, वेळीअवेळी अळंबी खाऊन ते भटकत. पोलीस आणि लष्कर आले. गावाने दोष मारिया सबिना यांना दिला. त्यांचे घर जाळले गेले, त्यांना पोलिसी चौकशीलाही तोंड द्यावे लागले. परके आल्यापासून पवित्र मुलांचे बळ गेले, अशी खंत त्यांनी उतारवयात बोलून दाखवली. २२ नोव्हेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. गरिबी शेवटपर्यंत सुटली नाही.

आज अमेरिकेतील ओरेगन राज्यात परवानाधारक केंद्रांत सायलोसिबिन घेता येते. एका सत्राला बहुधा हजार डॉलरहून अधिक लागतात. औषध कंपन्या प्रयोगशाळेत बनवलेल्या द्रव्याच्या चाचण्या घेत आहेत. त्यासाठी हुआउत्लाची एकही अळंबी लागत नाही. कायद्याची अडचण इथेच आहे. पारंपरिक ज्ञानातून होणाऱ्या लाभात मूळ समाजाला वाटा देण्याचा नागोया करार २०१० मध्ये झाला. वॅसन यांची ती रात्र त्याच्या ५५ वर्षे आधीची, आणि अमेरिका करारात सामीलच नाही.

म्हणून आदर म्हणजे केंद्राच्या भिंतीवर मारिया सबिना यांचे चित्र लावणे नव्हे. माझातेक समाजाला आधी विचारणे, नफ्यातला हिस्सा देणे आणि विधीचा बाजार नको असे ते म्हणाले तर थांबणे, म्हणजे आदर. वैद्यकाला त्यांच्याकडून आणखीही शिकता येते. त्यांच्या घरी रुग्ण कधी एकटा नसे आणि रात्रभर एक जाणते माणूस शेजारी बसलेले असे. आजच्या चाचण्यांतही रुग्णासोबत प्रशिक्षित व्यक्ती तासन्‌तास बसते.

भारतात सायलोसिबिन अमली पदार्थविरोधी कायद्याखाली प्रतिबंधित आहे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार स्वतःला अथवा कुटुंबात असल्यास ते धोकादायक ठरू शकते. रानातली विषारी अळंबी ओळखण्यात चूक झाली, तर जीवही जातो. नैराश्य असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत.